आमचं बंद पडणारं केंद्र

मला विचाराल तर रेडिओ केंद्र काढू नये. फारच हौस असेल तर दुसऱ्याला काढू द्यावं आणि आपण घरी बसून ऐकावं. मला हे वेळेवर कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवत मी आयुष्य काढलं. मागच्या बाकांपर्यंत माझं बोलणं पोचतं की नाही ही शंका मला निवृत्त होईपर्यंत होती. मुलं माझ्याकडे बघत असायची, पण बघणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे शिकवणाऱ्याला कळतंच.

निवृत्तीनंतर घर फारच गप्प झालं होतं. अशात एक दिवस फोन आला. मोर्शीच्या रस्त्याला एका संस्थेचं कृषी विद्यालय आहे, तिथल्या अध्यक्षांचा. स्वतः संत्र्याच्या बगीचाचे मालक, वय झालेलं, आणि त्यांच्या मुली माझ्या हाताखालून गेलेल्या.

"बाई, आमी रेडिओ काढून राहिलो," ते म्हणाले. "गावाचा रेडिओ. तुमचा आवाज चांगला हाये. तुमी सांभाळा."

माझा आवाज चांगला आहे असं तोवर कोणीच म्हटलं नव्हतं. मी हो म्हणून बसले. अजूनही मी तिथेच आहे, आणि त्या 'हो'चा थकवा अजून अंगात आहे.

सामुदायिक रेडिओचा आवाका लहान असतो. आजूबाजूची काही गावं, तेवढाच त्याचा मुलूख. अंजनगावला तो लागत नाही, सेमाडोहचं तर नावच नको. अकोल्याची माझी बहीण मला अजून विचारते, "तुझं ते रेडिओचं खरं आहे ना? आमच्याकडे तर नुसती खरखर येते." बोलणारी माणसं त्याच गावांतली घ्यायची, बोलायचंही त्यांच्याच भाषेत, आणि दिवसभर सिनेमाची गाणी लावून वेळ मारून न्यायची सोय नाही. परवानगीसाठी दिल्लीहून प्रश्न यायचे, आम्ही उत्तरं पाठवायचो, मग तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत यायचे. परवानगी हातात पडली तेव्हा आनंद करण्याइतकं त्राण कोणातच उरलं नव्हतं.

जागा मात्र चटकन मिळाली. विद्यालयाचं जुनं वसतिगृह गावाबाहेर शेतात होतं आणि त्यातल्या खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. एका खोलीच्या भिंतींना आम्ही पोरांच्या जुन्या कापसाच्या गाद्या ठोकल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. विद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करणारे एक गृहस्थ रेडिओचं प्रशिक्षण घेऊन आले. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे, मीही म्हणू लागले. खोली, यंत्र, मनोरा, माइक, सगळ्याची चौकशी झाली. एकच गोष्ट कोणी विचारली नाही, ती म्हणजे त्या वसतिगृहाला वीज कुठून येते.

विजेला आमच्याकडे लाईन म्हणतात. गावातल्या घरांची लाईन वेगळी आणि शेतातल्या मोटरींची वेगळी. घरांची लाईन बहुतेक वेळ असते. शेतीची येते पाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि त्या पाळीतही तिच्या मर्जीने. वसतिगृह शेतात असल्यामुळे आमचं सगळं केंद्र शेतीच्या लाईनवर होतं. अध्यक्षांचा बगीचा त्याच लाईनवर, भाऊंचं शेत त्याच लाईनवर, आजूबाजूच्या गावांची शेतंही त्याच लाईनवर. पाळी त्यांना तोंडपाठ होती. पण रेडिओलाही वीज लागते हे त्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. वीज म्हणजे मोटर, असा हिशोब त्यांच्या मनात इतका पक्का होता.

उद्घाटनाला मंडप घातला होता. अध्यक्षांनी नारळ फोडला, बटण दाबलं आणि लाईन गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण आत काय झालं ते बाहेर कोणाला कळलं नव्हतं. मी माइकसमोर बसून सगळं भाषण बोलून टाकलं. ते कोणीही ऐकलं नाही.

पुढे हेच चालत राहिलं. लाईन आली की आम्ही सुरू, गेली की आम्ही बंद. भाऊंनी अशी जोडणी केली की लाईन येताच यंत्र आपोआप चालू व्हायचं आणि ध्वनिमुद्रित कार्यक्रम लागायचे. त्यामुळे रात्रपाळीच्या आठवड्यात आमचं केंद्र भर रात्री 'नमस्कार, शुभ सकाळ' म्हणत उठायचं. मी सकाळच्या एस.टी.ने अमरावतीहून निघायची, उभ्याने प्रवास करायची, पोचायची आणि लाईनची वाट पाहत बसायची. एखाद्या आजींना पापडाबद्दल बोलायला बोलावलं, त्या लाजत-लाजत रंगात आल्या, की यंत्र विझायचं. त्या मात्र बोलत राहायच्या. त्यांना थांबवायला माझं मन धजायचं नाही.

यात काही महिने गेले. मग अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, चालू ठेवाले माही ना नाई," ते म्हणाले. "पन कोनी आयकून राहिलं का? तेवढं दाखवा. नाईतर खोली पुन्हा पोट्ट्यांले देऊन टाकू."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मलाही तेच हवं होतं, बहुधा त्यांच्यापेक्षा जास्त. मी गावोगाव हिंडू लागले. लोक चांगले, चहा पाजायचे. रेडिओ ऐकता का म्हटलं की म्हणायचे, "हो जी, आयकतो न." काय ऐकलं म्हटलं की म्हणायचे, "तेच. तुमचंच." एकाने तर आमच्या कीर्तनाच्या कार्यक्रमाची फार स्तुती केली. आमच्याकडे कीर्तनाचा कार्यक्रम नव्हता. मला हसू यायचं आणि परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकलं की रडूही यायचं.

थंडी सरत आली होती तेव्हा भाऊ बातमी घेऊन आले. दोन गावं सोडून एका गावात एक बाई दिवसभर आमचं केंद्र लावून ठेवते. दिवसभर म्हणजे अगदी दिवसभर. भांडी घासताना संच बाहेर नेते, स्वयंपाकाला बसली की आत आणते, आणि रात्री उशाशी घेऊन झोपते. मी दुसऱ्याच दिवशी निघाले. जाताना नवीन साडी नेसले होते, हे सांगायला हरकत नाही.

बाई माझ्यापेक्षा बरीच लहान होती. नवरा वारलेला. घरात पलंगाला खिळलेली सासू. खिडकीत जुना संच, आणि त्यातून माझाच आवाज येत होता. माझा आवाज दुसऱ्याच्या घरात चालू आहे हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"तुम्हाला कोणता कार्यक्रम आवडतो?" मी विचारलं.

"कोनताई चालते," ती म्हणाली.

इतक्यात संच खरखरला. केंद्र बंद पडलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र एकदम निवांत झाली. "गेली," असं म्हणून तिने चहा ठेवला, पाय पसरून बसली, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली. चहा अर्धा झाला असेल तेवढ्यात संच पुन्हा बोलू लागला. ध्वनिमुद्रित मी, शेळ्यांच्या लसीबद्दल. तिने कप खाली ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

"बसा तुमी. सासूसंग बोला," एवढं म्हणून ती जवळजवळ पळतच शेताकडे गेली.

मी, सासू आणि माझा आवाज, असे तिघे उरलो. उलगडा मग सासूने केला. तिच्या दोन लेकांची बगीचाची वाटणी झाली, पण विहीर एकच राहिली. दोन मोटरी, एक विहीर. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी इतकं खाली जातं की एकाच मोटरीपुरतं उरतं. त्यावरून भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. रीत ठरलेली आहे, लाईन आली की ज्याची मोटर आधी चालू होईल, त्या दिवशीचं पाणी त्याचं. धाकटा लेक शेतातच घर करून राहतो. ही राहते गावात, कारण सासूला सोडून शेतात बसून राहता येत नाही. घरच्या दिव्याकडे पाहून शेतीची लाईन कळत नाही.

"तुमचा रेडिओ बंद पडला म्हंजे लाईन गेली, बोलला म्हंजे आली," सासू म्हणाली. "ते आपली आयकत बसते अन् बोलला का पयते. धाकटा झोपेत नाईतर कुटं गेला असला का तिले भेटते पानी, नाई तं त्याले. पयले तं कदीच नोतं भेटत."

"आणि आम्ही सांगतो ते?" मी विचारलं.

"कायचं?" सासू म्हणाली.

परतीच्या गाडीत मला रडू आलं नाही. राग आला. बाईचा नाही, शेळ्यांच्या लसीचा. इतकी मर मर करून ती माहिती मिळवली होती, डॉक्टरांच्या मागे लागून. आणि आमच्या सगळ्या बोलण्यात कामाचं काय निघालं, तर आम्ही गप्प बसतो ते.

अध्यक्षांना मी एवढंच सांगितलं की एक बाई आमचं केंद्र दिवसभर लावून ठेवते, रात्रीसुद्धा. यात खोटं काही नव्हतं. ते इतके खूश झाले की मी पुढे काही बोलायच्या आत स्वतःच बोलू लागले. "लोक एवढं आयकून राहिले, अन् आपन मधातच बंद पडतो? शोभत नाई बाई." चैत्र लागायच्या आत वसतिगृहाच्या छतावर सोलरचे पत्रे चढले, खाली बॅटऱ्या आल्या, आणि आमचं केंद्र बंद पडायचं थांबलं. ज्यासाठी मी इतके दिवस देव पाण्यात ठेवले होते, ते झालं. पहिल्या दिवशी मी आणि भाऊ मधूनमधून नुसते यंत्राच्या दिव्याकडे बघत होतो. आजींचं पापडाचं बोलणं पुन्हा घेतलं, आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत गेलं.

ऊन चांगलंच तापलं होतं तेव्हा तिचा फोन आला.

"मॅडम, तुमी आता बंद नाई पडत काय?"

"नाही," मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. "आता कधीच नाही."

"काहून पन?"

मी तिला छतावरच्या पत्र्यांचं आणि बॅटऱ्यांचं सांगितलं.

"या हप्त्यात सारं पानी दिरानं ओढलं," ती म्हणाली. "मी आपली आयकत बसली, तुमी बोलतच राहिले, बोलतच राहिले. लाईन कवा आली, कवा गेली, मले मालूमच नाई. झाडाले फळं हायेत मॅडम. गळून राहिले." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती नुसती सांगत होती.

मी फोन ठेवला आणि भाऊंवर उगाच ओरडले. भाऊंनी ओरडून घेतलं, मग हसत सुटले, मग उठून कुठूनसा एक दिवा आणला आणि शेतीच्या जुन्या लाईनवर जोडून माझ्या माइकच्या वर टांगला. लाईन आली की तो लागतो, गेली की विझतो. लागला की मी बोलणं थांबवून म्हणायचं, 'लाईन आली.' विझला की 'लाईन गेली.' रात्रपाळीसाठी त्यांनी माझ्या आवाजातली तीच दोन वाक्यं यंत्रात भरून ठेवली. भर रात्री ती आपोआप वाजतात.

आणि मग आमचं केंद्र लोक ऐकू लागले. खरोखर ऐकू लागले. कितीतरी गावांत सासू सांभाळणाऱ्या, शाळेत नोकरी करणाऱ्या, किराणा दुकान चालवणाऱ्या लोकांच्या मोटरी लांब शेतात होत्या. बाजारात माणसं मला आवाजावरून ओळखू लागली. "लाईनवाल्या बाई" हे माझं नाव पडलं. अध्यक्षांनी खोलीचा विषय पुन्हा काढला नाही. माझी सगळी हौस पुरली म्हणायची. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई रक्त कमी होण्याबद्दल कळकळीने सांगत असतात, मी हात वर करून म्हणते, "थांबा, लाईन गेली." त्यांनाही आता सवय झाली आहे. त्या तेवढ्यात घोटभर पाणी पिऊन घेतात.

पण मी थकत चालले होते. पावसाळा गेला, दिवाळी गेली. गुडघे बोलू लागले, एस.टी.ची पायरी उंच वाटू लागली. त्याहून जास्त थकवा दुसराच होता. वाटायचं, हे दोन शब्द बोलायला मी कशाला हवी? दिव्यालाच बोलता आलं असतं तर आणखी बरं झालं असतं. बाकीचं सगळं, पापड, लस, नर्सबाई, म्हणजे दोन लाईनींमधली खरखरच. अकोल्याची बहीण म्हणत होती, आता माझ्याकडे येऊन राहा, खूप झालं. मी मनाशी ठरवून टाकलं की हा हिवाळा संपला की सोडायचं. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बहिणीला नाही, भाऊंना नाही, अध्यक्षांना तर नाहीच.

संक्रांत होऊन गेली होती. आमच्याकडे ते दिवस बगीचावाल्यांचे फार जिवाचे. आंबिया बहारासाठी संत्र्याच्या झाडाला आधी तहानलेलं ठेवतात, त्याला ताण देणं म्हणतात. मग पाणी सोडून ताण तोडतात, आणि झाड फुलावर येतं. तेव्हा पाणी चुकलं की फूल गळतं आणि वर्ष हातचं जातं. अशा दिवसांत एका दुपारी ती बाई केंद्राच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा. ती इथवर पहिल्यांदाच आली होती. मी एक ध्वनिमुद्रित कार्यक्रम लावला आणि तिला आत घेतलं.

"सासूबाई कशा आहेत?" मी विचारलं.

"खाते, पिते, मले शिव्या देते. म्हंजे बरी हाये." तिने भिंतीवरच्या गाद्या पाहिल्या, माइक पाहिला, वर टांगलेला दिवा पाहिला. "हाच काय तो? लहानच हाये." मग बसली आणि म्हणाली, "तुमी हे सोडून राहिल्या न?"

मी दचकले. "कोणी सांगितलं?"

"सांगन कोन? आयकते न मी."

"अहो, रेडिओवर तर मी एक शब्द बोलले नाही."

"बोलाले कायले पाह्यजे? दिवाळीपासून तुमी वाक्य पुरं व्हायच्या आंधीच दम घेता. पयले नोत्या घेत. मांगच्या हप्त्यात नर्सबाईसंग बोलता बोलता मधातच चूप झाल्या. मले वाटलं पानी पेल्या असान. मंग वाटलं, नाई, पानी पेतानीचं चूप वेगळं असते." तिने पिशवी सोडली. "तुमचा रेडिओ कवा बंद पडते हे समजाले तं सारं आयकाच लागे न मॅडम. कान काढला का लाईन चुकली. मंग तशीच सवय पडली. त्या शेळीच्या लसीपासून सारं आयकलं म्या. शेळी नाई मायाजवळ, तरी आयकलं."

माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाजही वाटली. आयुष्यभर मी ज्या माणसाची वाट पाहत होते, ते माणूस गेलं वर्षभर तिकडे बसून मी बंद कधी पडते हे ऐकता ऐकता माझा शब्दन् शब्द ऐकत होतं, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

"थकले हो मी," मी म्हटलं. सख्ख्या बहिणीलाही मी हे इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

"समजते न. सोडा मंग," ती म्हणाली. "पन लाईन कोन सांगन, ते ठरवून जा."

मला हसू आलं. पुण्याकडच्या कोणाला हे बोलणं लागलं असतं. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

तेवढ्यात दिवा लागला. मी सवयीने माइककडे वळले आणि म्हटलं, "लाईन आली." माइक बंद करून मागे पाहिलं. मला वाटलं ती उठली असेल, चपला शोधत असेल. तिचा ताण नुकताच तुटला होता, झाडं फुलावर यायची होती, आणि तिकडे विहिरीवर तिचा दीर आता मोटर चालू करत असणार होता. इथून तिचं शेत दोन गावं पलीकडे. ती बसूनच होती, मांडीवर शेंगा घेऊन.

"अहो, लाईन आली," मी म्हटलं.

"आयकलं न. आज दिवसपाळी हाये, येनारच होती ते." तिने एक शेंग सोलून दाणे माझ्यासमोर धरले. "आज नेऊ द्या त्याले पानी. खा तुमी, थंड्या झाल्या का मजा नाई राहत."

मी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि शेंगा सोलायला बसले. लावलेला ध्वनिमुद्रित कार्यक्रम संपला तेव्हा भाऊंनी दारातून डोकावून माझ्याकडे पाहिलं. पुढचा कार्यक्रम मी थोडा वेळ लावला नाही.